उंबऱ्याअलीकडचा मिस्तरी

फरशी बसवण्याचे काम आतल्या भिंतीपासून सुरू होते आणि दाराशी संपते. त्याला दुसरा मार्ग नाही. कारागीर गुडघ्यांवर बसून एकेक फरशी सिमेंट-वाळूच्या ओल्या मालावर टेकवतो, रबरी हातोडीने ठोकतो, पाणसळ लावून बघतो आणि मागे सरकतो. शेवटची फरशी बसते तेव्हा तो स्वतः खोलीबाहेर असतो. त्यानंतर दिवसभर तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. माल ओला असताना पाय पडला तर फरशी केसभर दबते. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण पुढे ती पोकळ वाजू लागते. म्हणून काम झाले की मिस्तरी दारात आडवा उभा राहतो आणि घरमालकाला सांगतो, "आता उद्या या." घरमालक दुसऱ्या दिवशी नव्या जमिनीवर फिरतो, तेव्हा मिस्तरी दुसऱ्या कोणाच्या घरात आतल्या भिंतीपाशी बसलेला असतो.

या गोष्टीतले मिस्तरी उभा जन्म असेच मागे सरकत आले होते. त्यांची बायको म्हणे, "भुताचे नुसते पाय उलटे असतात, आमच्याकडे सगळंच उलटं. लोक घरात येतात, हे घरातून जातात." पुढे गुडघे गेले, काम सुटले, सवय मात्र सुटली नाही. कोणाकडेही गेले तरी ते उंबऱ्याअलीकडेच थांबत. बायको आत जाऊन बसे, पाणी घेई, आणि 'ते का नाही आले?' या प्रश्नाला दर वेळी नवे उत्तर शोधून काढी. त्यांचे पाय धुळीचे आहेत, त्यांना पंख्याचा वारा सोसत नाही, त्यांना पुढे काम आहे. मुलीच्या नव्या घराची सगळी फरशी त्यांनी स्वतः बसवली होती, आणि त्या घरातही चहाचा कप ते दारात उभ्यानेच रिकामा करीत.

शेजारीपाजारी याला विनय म्हणत. कष्टकरी माणसाच्या अंगी विनय दिसला की समाजाला फार बरे वाटते. तो खरोखर विनय आहे, की हाडात मुरलेली कामाची शिस्त आहे, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. बायकोने मात्र त्यांच्या वागण्याला कधी मोठे नाव दिले नाही. ती रुग्णालयात आया होती. मोडलेला पाय सांधून आला तरी रोगी लंगडतच चालतो, आणि कोणीतरी त्याला सांगावे लागते की, बाबा, पाय बरा झालाय, टेकव आता, हे तिने वॉर्डात पुष्कळदा पाहिले होते. तिला एवढेच हवे होते की नवऱ्याने एकदा कुठेतरी तिच्याबरोबर आत यावे. आयुष्यभर ती घरोघरी एकटीच आत शिरत आली होती.

मुलीने दोघांची नावे एका सहलीसाठी नोंदवली. जगभरातून लोक जी संगमरवरी वास्तू पाहायला येतात, ती बसने सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर होती, आणि तरीही दोघांनी ती कधी पाहिली नव्हती. आदल्या दिवशी बायकोने अट घातली.

"एक सांगते. तिथंही दारात उभं राहायचं असेल तर मी येत नाही. आत यायचं, माझ्याबरोबर फिरायचं, आणि जरा वेळ खाली बसायचं."

"बसायला तिथं काय ठेवलंय?"

"जमीन ठेवलीय. तुमच्याच धंद्यातली."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"अगं, येतो म्हटलं ना."

मिस्तरी शब्दाचे पक्के होते. तिला शंका त्यांच्या शब्दाची नव्हती, पायांची होती.

वास्तू दिसली ती बागेच्या टोकाशी, उन्हात, लांब पसरलेल्या पाण्याच्या पलीकडे. जे दृश्य बिस्किटांच्या डब्यांवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षानुवर्षे पाहिलेले असते, ते समोर उभे राहिल्यावर माणसाला नेमके काय वाटावे हे ठरवता येत नाही. बायको जागीच थांबली. "चित्रात आहे तशीच आहे की," ती म्हणाली.

"चित्रात एवढी मोठी नव्हती," मिस्तरी म्हणाले.

सहलीच्या वाटाड्याने सगळ्यांना बुटांवर चढवायचे कापडी मोजे वाटले. कोणत्या राजाने किती कारागीर कामाला लावले, हे तो घोकलेल्या आवाजात सांगत होता. मिस्तरींना वाकता येईना, म्हणून बायकोने खाली बसून त्यांचे मोजे चढवले आणि नाड्या ओढून घट्ट केल्या. "आता पळून गेलात तरी घसराल," ती म्हणाली. मग ती रांगेत पुढे झाली, मिस्तरी तिच्या मागे.

मधल्या दालनाच्या दाराशी ते घडले. आत कोणाच्या तरी बाटलीतले पाणी सांडले होते आणि सफाईवाल्या बाईने नुकताच ओला बोळा फिरवला होता. बायको उंबरा ओलांडून आत गेली. मिस्तरी दारात पोचले, तो वरच्या जाळीतून येणारा उजेड ओल्या पांढऱ्या जमिनीवर पडून ती सबंध लकाकत होती. मागून माणसे येत होती. मिस्तरी वळले, त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले आणि दार अडवले.

"थांबा. ओलं आहे."

रांग थांबली. ज्याच्या आवाजात अधिकार असतो त्याला लोक ओळखपत्र विचारत नाहीत. रांगेत पुढे असलेल्या एका बाईंनी अदबीने विचारले, "अजून किती वेळ लागेल, दादा?"

"आज नाही. उद्या या."

"उद्या?" त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले. "अहो, आमचं परतीचं तिकीट आजचं आहे."

"मी काय करू? पाय पडला की दबणार. मग वर्षभरानं मला बोलावणार तुम्ही."

"मी कशाला बोलावू तुम्हाला?"

"सगळे असंच म्हणतात."

मागे कुजबुज झाली. आज दालन बंद आहे, डागडुजी चाललीय, अशी बातमी रांगेच्या शेपटीपर्यंत पोचली आणि काही माणसे निमूटपणे परत फिरूही लागली. तेवढ्यात आतला रखवालदार धावत आला.

"काका, कोण तुम्ही? दार कोणी अडवायला सांगितलं?"

मिस्तरींचे हात अजून चौकटीवरच होते. दालनातून बायको म्हणाली, "ते फरशी बसवतात."

"कोणती?"

"ही नाही."

रखवालदाराने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा मिस्तरींकडे, आणि त्याला हसू आवरेना. "काका, ही वाळायला टाकली त्याला काही शतकं झाली. आता चालायला हरकत नाही." मग त्याने रांगेला हाक दिली, "या, या, सगळे आत या."

लोक हसत आत शिरले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. परतीच्या तिकिटाचे गृहस्थ तर जाताजाता मिस्तरींच्या खांद्यावर थोपटून गेले. मिस्तरी चौकटीला चिकटून बाजूला उभे राहिले. कान लाल झाले होते. आता ते इथूनच मागे फिरतील, बागेत झाडाखाली जाऊन बसतील, आणि तुला यायचं होतं, तू बघून ये म्हणतील, हे बायकोला स्वच्छ दिसत होते. तरी ती त्यांना घ्यायला आली नाही. रोग्याला पहिले पाऊल उचलायला लावायचे असेल तर त्याचा हात सोडून दोन पावले लांब उभे राहावे लागते. दालनाच्या मध्यावर, माणसांच्या येण्याजाण्यात, ती नुसती उभी राहिली.

मिस्तरींची नजर खाली होती. त्यांना माणसे दिसत नव्हती, कापडी मोजे चढवलेले पाय दिसत होते. शेकडो पाय उंबऱ्यावर टेकून पुढे जात होते, आणि जिथे टेकत होते तिथला दगड मधोमध खोलगट झाला होता, हात फिरवून मऊ केल्यासारखा. रांग जरा विरळ झाली तेव्हा त्यांनी चौकट धरून आपला उजवा पाय त्या खोलगट जागेत ठेवला. थोडा वेळ तो तिथेच राहिला. मग डावा पाय आत पडला.

ते कडेकडेने, भिंतीला धरून चालत आले. बायकोने त्यांना येऊ दिले.

"उंबरा पाहिलास?" जवळ आल्यावर त्यांनी विचारले.

"काय झालं उंबऱ्याला?"

"झिजलाय पार."

"म्हणजे काम कच्चं होतं?"

"छे." मिस्तरी जरा थांबले. "वापरलाय तो. आपण बसवतो आणि निघतो. पुढं काय होतं ते कुठं बघायला मिळतं?"

माणूस जे घडवतो त्याच्या उपभोगापासून त्याला दूर ठेवले जाते, हा अन्याय पुष्कळांनी मांडला आहे आणि तो खराच आहे. पण उपभोगाहूनही साधी एक गोष्ट त्याला मिळत नाही: आपली वस्तू लोकांच्या उपयोगी पडताना डोळ्यांनी पाहणे. मिस्तरींनी ती त्या दिवशी, दुसऱ्या कोणा मिस्तरीच्या कामावरून का होईना, पाहिली.

मग ते दालनभर फिरले. बायकोने भिंतीतली दगडी फुले पाहिली, घुमटाखाली हळूच खाकरून आवाज परत येतो का ते पाहिले. कोपऱ्यात गर्दी नव्हती. तिथे भिंतीचा आधार घेऊन मिस्तरी आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या गुडघ्यावर, आणि शेवटी मांडी न घालता चक्क पाय लांब करून बसले. संगमरवराचा गारवा दुखऱ्या सांध्यांपर्यंत पोचला तसा त्यांनी सुस्कारा टाकला. बायको शेजारी बसली.

वाटाड्या शोधत आला. "आजी, चला, बाकीचे बसकडे निघालेत."

"उठा हो," बायको म्हणाली.

"कशाला?"

"कशाला काय? बस सुटेल."

"एवढ्यात सुटत नाही. तू बस."

ती उठू लागली होती, ती थबकली. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले. ते भिंतीला डोके टेकून, डोळे अर्धवट मिटून, आपल्या घरातल्यासारखे ऐसपैस बसले होते.

"तुम्ही व्हा पुढे," ती वाटाड्याला म्हणाली. "बसला जरा थांबायला सांगा. आम्ही आत्ताच आलोय."

ती पुन्हा टेकून बसली आणि तिनेही पाय पसरले. लोक त्या चार पायांना वळसा घालून जात राहिले.