धोंडुबाईचे वाल

माधवरावांना दुसऱ्याला बोलायला शिकवायची भारी हौस. रोह्याच्या शाळेतून निवृत्त होऊन वरशाला घर बांधलं, तरी मास्तरकी काही सुटेना. गडबच्या सरूला बियाण्यांच्या मेळाव्यात बोलायचंय म्हटल्यावर ते आपणहून धावले. सरूकडे तिच्या सासूने, धोंडुबाईने, जन्मभर राखलेले कडवे वाल होते. तसे आता दुसरीकडे कुठे उरले नव्हते. मेळाव्याच्या समितीला पटलं तर वाणाची नोंद धोंडुबाईच्या नावाने होणार होती. सासू मागच्याच वर्षी गेलेली. सरूला तेवढं एकच हवं होतं.

सरांनी तिची तयारी घोटून घेतली. पडद्यावर फोटो आला की थांबायचं, मग बोलायचं.

"सर, दाणे नेऊ काय संगती?" तिने एकदा विचारलं.

"फोटो आहे ना, पुरे झाला," सर म्हणाले. आणि जिभेला काही हाड? पुढे बोलूनही गेले, "सरूबाई, या वालाचं बिरडं एकदा खाऊ घाला की!"

शिकवणाऱ्याने तोंडाने मागितलं, नाही कोण म्हणणार? सरूने वाल भिजवले, मोड आणले, एकेक दाणा सोलला, नारळाचा रस घातला. सरांनी मागून मागून खाल्लं.

मेळाव्यात सरू झकास बोलली. टाळ्या पडल्या. मग समितीतल्या बाईंनी विचारलं, "हा वाल वेगळा, कशावरून?"

"सासू सांगायची. चवच न्यारी हाय."

"सांगण्यावर नोंद होत नाही. दाणे द्या, आम्ही पेरून बघू."

"दाणे नायत. अवकाळीत पीक कुजलं. उरले व्हते ते परवा पाव्हण्याला रांधले."

सभागृह खो खो हसलं. माधवराव समोरच बसले होते. उठून सांगायला हवं होतं, की पाहुणा मीच, आणि फोटो पुरे म्हणणारा शहाणाही मीच. नोंद झाली नसती, पण बाई एकटी तरी पडली नसती. जन्मभर पोरांना उभं करून उत्तरं मागणारा हा गृहस्थ खुर्चीला चिकटून राहिला. वर चारचौघांबरोबर थोडा हसलासुद्धा.

संध्याकाळी ते तिला पेणच्या एसटीवर सोडायला गेले. "शेवटचे होते, तर सांगायचं नाही का मला?" त्यांनी विचारलं.

"पाव्हण्याला असं सांगतात व्हय?" सरू म्हणाली. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ती मागे वळली. "सर, खरं सांगा. चव न्यारी व्हती ना?"

"होती, सरूबाई. तशी कुठेच खाल्ली नाही."

बोलले ते अगदी खणखणीत. पण तिथे ऐकायला सरूशिवाय कोणी नव्हतं.