पणजीला न्यायला आलेली आई

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेहून साठीच्या एक बाई धाराशिवला आल्या. त्यांच्या पणजोबांची बहीण एकोणिसाव्या शतकात मिशनच्या कामासाठी आमच्या भागात आली आणि इथंच वारली. दुष्काळात तिनं अनाथ मुली सांभाळल्या, याचा घराण्यात फार अभिमान. बाई तिची हकिकत जुळवत होत्या. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते म्हणून कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला. त्या मुलींपैकी एक माझी पणजी, हे ऐकून त्यांनी माझा हातच धरला.

पणजीला पाहिलेली एकच व्यक्ती आता उरली आहे, बेंबळी गावच्या माझ्या आत्या. पणजी ही त्यांची आजी. मी बाईंना तिकडं घेऊन गेले.

बाईंनी फोटो दाखवला. उंच गळ्याच्या झग्यातली मडम, भोवती केस कापलेल्या मुली. आत्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"तुमच्या आजी हिच्याबद्दल काय सांगायच्या?" बाईंचा प्रश्न मी मराठीत विचारला.

"खाऊ घातलं, शिकवलं, व्हय," आत्या म्हणाल्या. "पर आजी अनाथ नव्हती. पाऊसपाणी झाल्यावर तिची आई न्यायला आलती. मडमनं सोडली न्हाय. म्हणली, तिकडं उपाशी मरंल. आई फाटकाबाहेर बसून राहिली. पोरींना आत कोंडलं होतं. मग गेली ती."

बाईंना हे कसं सांगावं, म्हणून मी शब्द शोधू लागले.

"सांग की तिला. गोड करून नको."

मी सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. "हे खरं कशावरून? ती तर लहान होती," त्या हळूच म्हणाल्या. मला राग आला. पण तीच शंका माझ्याही मनात येऊन गेली होती.

आत्यांना भाषा कळली नाही, सूर कळला. "खोटं वाटतंय व्हय? आजी म्हातारपणीबी फाटक वाजलं की उठून बघायची."

मी तेही सांगितल्यावर बाईंनी विचारलं, "त्या आईचं नाव काय होतं?"

"आजीलाच ठावं न्हाय. लेकरू आईला आईच म्हणतंय."

परतताना उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी अडकली. बाई म्हणाल्या, "पण ती आईबरोबर गेली असती आणि जगली नसती, तर तुम्ही..." पुढचं त्यांनी गिळलं.

बाईंनी ही गोष्ट त्यांच्या घराण्याच्या इतिहासात घातली. तेव्हापासून सख्खा भाऊ बोलत नाही, असं त्यांनी कळवलं. इकडं आत्यांच्या मुलाचा फोन आला. "पोरीची सोयरीक चाललीय. अशा वक्ताला पणजी मिशनात वाढली हे कशाला उकरून काढलं, ताई?"

आत्या मात्र एवढंच म्हणाल्या, की आजीचं माहेर ढोकीकडंच कुठंतरी होतं. मी दोनदा जाऊन आले. म्हाताऱ्या माणसांना विचारलं. दुष्काळात कुणाचं लेकरू गेलं होतं, हे आता तिथं कुणालाच ठाऊक नाही.