सुंदरम्माच्या राखणीतलं घर

सुंदरम्माकडं राखण दिली, तिथंच आम्ही फसलो.

नवी पेठेमागच्या बोळात आमचं दोन खोल्यांचं घर. बायको गेल्यावर मी वळसंगला शेतावर राहायला आलो आणि किल्ली शेजारच्या सुंदरम्माच्या हाती दिली. बाई खमकी. नवऱ्यामागं पापड लाटून दोन पोरींची लग्नं केलेली. बंद घर चोराला लांबून ओळखू येतं, हे तिचं ठाम मत. म्हणून ती रोज आमच्या दारात सडा-रांगोळी करी, उंबऱ्याशी मयत नवऱ्याच्या चपला मांडी, दोरीवर त्याचा सदरा वाळत घाली. अनोळखी कुणी डोकावला की सांगे, आत माणसं हायत, आत्ताच जेवून पडलेत. एका भंगारवाल्याला तर तिनं आमच्या घरात पोलीस राहतो म्हणून सांगितलं. तो त्या बोळात परत फिरकला नाही.

यंदा मुलगा म्हणाला, घर रिकामं असल्याचं महापालिकेला लेखी कळवलं तर करात सूट मागता येते. कळवलं. त्यांचा माणूस बघायला आला तो भर दुपारी, साध्या कपड्यात. आता पुढचं तुम्हीच ओळखा. सूट राहिली बाजूला, आमच्या नावापुढं भाडेकरू लागला, आणि वर भाड्याच्या घराला कर जास्त.

मी कपाळ बडवून घेतलं. तिला रिक्षात घालून कचेरीत नेलं. वाटभर पढवलं, की बाई, घर रिकामं हाय एवढंच म्हण. तिनं मान डोलावली.

कचेरीत ही गर्दी. कारकुनानं विचारलं, "आजी, ह्यांच्या घरात कोण राहतं?"

सुंदरम्मानं रांगेतलं एकेक तोंड न्याहाळलं. पदर सावरला.

"राहत्यात की. चारजण हायत. त्यातला एक पैलवान हाय."

रांग खदखदली. कारकुनानं माझ्याकडं असं बघितलं, जणू पैलवान मीच लपवलाय.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, हे काय केलंस?

"अण्णा, एवढ्या माणसांत घर उघडं पाडू व्हय? एखादा चोर निघाला म्हंजे?"

"आणि कर कुणी भरायचा?"

"तुमी. घर तुमचंच हाय की."

भरला. काय करता? परवा किल्ली परत मागायचं ठरवून गेलो, तर उंबऱ्याशी चपलांचे चार जोड ओळीनं मांडलेले. तीन साधे. चौथा भलताच मोठा, कुठून पैदा केला देव जाणे. पैलवानाचा.

किल्ली तिच्याकडंच आहे.