नुसते ओठ हलव

आरती सुरू झाली आणि मॅडमनी दंडाला धरून मला मागे ओढलं.

"तू आवाज काढू नकोस गं. नुसते ओठ हलव."

सगळ्यांदेखत. मी नऊ वर्षांची होते. कोलकात्यातली मोजकी मराठी घरं गणपतीत एका हॉलमध्ये जमतात, तिथली ही गोष्ट. मॅडम म्हणजे बाबांच्या साहेबांची बायको. बाबा गार्डन रीचच्या ऑफिसात त्याच साहेबांच्या हाताखाली क्लार्क. आई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

अख्खी आरती पाठ होती मला. पण मी बोलले की सगळं नाकातून यायचं. माझ्या गुणसूत्रांतला एक बारीक तुकडा जन्मतःच गायब आहे. त्यामुळे टाळू नीट उचलली जात नाही, हवा नाकात निसटते. 'बाप्पा' म्हणायला जावं तर 'माम्मा' व्हायचं. दूध प्यायले तर नाकातून बाहेर. पोरं माझी नक्कल करायची आणि त्यांच्या आया हसू दाबायच्या. दाबायच्या कसल्या, हसायच्याच!

अकराव्या वर्षी ऑपरेशन झालं. घशाच्या मागच्या बाजूची एक पट्टी उचलून टाळूला शिवली. शुद्धीवर आले तर थुंकी गिळताना जीव जात होता. मग कित्येक महिने बोलायची शिकवणी, पा पा पा, बा बा बा. आवाज बराच सुधारला. पूर्ण नाही.

पुढच्या गणपतीत मॅडमनी माझ्या तोंडापुढे माईक धरला.

"बघू या हं, डॉक्टरांनी काय दिवे लावलेत ते! म्हण, गणपती बाप्पा."

सगळा हॉल कान टवकारून. बाबा पहिल्या रांगेत, साहेबांच्या बाजूला, घाम पुसत.

"म्हण ना! लाजतेस काय?"

डोकं सणकलं माझं. घसा फाडून घेतला तो काय यांची करमणूक करायला? मी माईक बाजूला सारला.

"नाही म्हणणार. मी देवासमोर आलेय, तुमच्यासमोर नाही."

मॅडम माईकवरच म्हणाल्या, "आवाज आला, अक्कल नाही आली." लोक हसले. साहेबही हसले. बाबाही हसले. ते मी अजून विसरलेले नाही. जिन्यात बाबांनी थोबाडीत मारली.

आज मी सॉल्ट लेकच्या एका ऑफिसात दिवसभर फोनवर बोलते. "सर्दी झालीय का?" असं लोक विचारतात. नाही, माझा आवाज असाच आहे, म्हणते आणि पुढचं काम सांगते.

गेल्या रविवारी मला बघायला मुलाकडचे आले. आईनं आधीच बजावलं होतं, "कमी बोल. लग्नाआधी आणखी एक छोटं ऑपरेशन करून टाकू." मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी गप्पच असते का?"

"नाही," मी म्हटलं. "मला गप्प बसायला सांगितलंय."

मग मी भरपूर बोलले. ते चहा अर्धा टाकून गेले. आई रडली, बाबा ओरडले. ओरडू देत. माझ्या घशाला पुन्हा सुरी लागलीच, तर ती मी म्हणेन तेव्हा लागेल. कुणाच्या कानाला बरं वाटावं म्हणून नाही.