अंगारकीची उडी

ह्यांची साखर उतरली की मला ती आधी बटणांवरून कळते. घाम नंतर येतो, थरथर त्याच्याही नंतर. बोटं मात्र आधी शर्टाच्या बटणांशी खेळायला लागतात. लावलेलं काढायचं, काढलेलं लावायचं, आणि मध्ये कोणी हात धरला की अंगावर धावून यायचं. बडोद्याला आमच्या वासण्याच्या घरात मी हे दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा साखरेचा डबा हाताशी होता, चमचा तोंडात गेला, आणि थोड्या वेळाने आमचे हे काही झालंच नाही अशा थाटात पेपर वाचायला बसले. माझा जीव मात्र दिवसभर थाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, डायबेटिसची गोळी घेतली की खायचंच, उपाशीपोटी गोळी म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असते. लोक माझ्याकडे प्रसाद समजून मागतात.

गोव्याला जायचं मुलीने ठरवलं. ती बंगळुरूला नोकरी करते आणि आईवडिलांना वर्षातून एकदा कुठेतरी नेऊन दमवायचं हा तिचा नेम आहे. या वेळी तिने कयाकिंग काढलं. लांबट प्लास्टिकच्या होडीत बसून, हातात वल्हं घेऊन समुद्रात जायचं, आणि पुढे एका कड्यावरून पाण्यात उडी. बडोद्याच्या माणसांना पाण्याचा अनुभव तो किती! आमच्या वाट्याला विश्वामित्री नदी, आणि तिच्यात मगरी. पोहायला मी म्युनिसिपालिटीच्या तलावात बायकांच्या बॅचला शिकले, तेही कठड्याला धरून धरून. उडी मारण्याच्या फळीकडे मी कधी ढुंकून पाहिलं नाही. मी मुलीला सांगून टाकलं, वल्हं मारेन, फोटो काढेन, उडी मारणार नाही.

ह्यांचं तसं नव्हतं. बाजव्याकडच्या रिफायनरीत आयुष्यभर शिफ्ट केलेला माणूस. कुठल्याही कामाआधी सूचना नीट ऐकायच्या, त्या तंतोतंत पाळायच्या आणि न पाळणाऱ्यांना फैलावर घ्यायचं हा स्वभाव. लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे ते गाइडने एकदा दाखवलं, ह्यांनी आम्हा सगळ्यांचे तपासले. गाइड तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याने किनाऱ्यावरच सगळ्यांना विचारलं, नाश्ता केला ना, कुणाला बीपी, शुगर? मी ह्यांची साखर सांगितली. हे लगेच म्हणाले, "गोळी घेतलीय, खाल्लंय, सारू, ठीक आहे सगळं." आणि मी मान डोलावली. सकाळी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातल्या टेबलावर ह्यांची बशी रिकामी होती. पोळीचा तुकडा तेवढा उरला होता. शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

गाइडच्या होडीत पुढे हे, मागे तो. दुसऱ्या होडीत मी आणि मुलगी, तिसरीत सुरतेचं एक नवं लग्न झालेलं जोडपं. आमचे मोबाइल, माझी पर्स, पाण्याच्या बाटल्या असं सगळं सामान गाइडने एका जाड वॉटरप्रूफ पिशवीत भरून आपल्या होडीत बांधलं. सकाळचं ऊन कोवळं होतं, समुद्र शांत होता, पण माझी पाचावर धारण बसली होती. किनारा मागे पडला तशी आपल्याखाली किती पाणी आहे हे एकच डोक्यात फिरायला लागलं.

थोडं पुढे गेल्यावर दुसरंच काही खटकलं. हे बोलत नव्हते. एरवी मुलीने वल्हं उलटं धरलं असतं तर दहा सूचना आल्या असत्या. तिने खरोखरच उलटं धरलं होतं आणि हे समोर बघत बसले होते. मी हाक मारली, "अहो, बरं वाटतंय ना?"

"हो म्हटलं ना एकदा," ते वळूनही न बघता म्हणाले.

घाम आला होता, पण घाम सगळ्यांनाच आला होता. मी स्वतःला दटावलं. सारखं सारखं विचारलं की हा माणूस चिडतो, आणि चिडला की जेवणापर्यंत चिडलेला राहतो. सुट्टीच्या दिवशी कशाला विषाची परीक्षा!

कडा आला. काळ्या-तांबड्या खडकाची भिंत, साधारण दोन मजल्यांची. तिच्या कुशीत पाणी संथ होतं. तिथे गाइडने तिन्ही होड्या एकमेकींना आणि मग खडकाला बांधल्या. वर जायची वाट मागच्या बाजूने, वळसा घालून, शेवाळाची. तो स्वतः खालीच पाण्यात थांबणार होता, उडी मारणाऱ्याला गाठायला. "काका, चढणार?" त्याने विचारलं. हे म्हणाले, "गुडघे दुखतात माझे. मी होड्यांपाशी बसतो." मला तेव्हा बरंच वाटलं. मुलगी म्हणाली, "आई, तू तरी चाल ने, फोटो कोण काढणार?" म्हणून मी हातापायांवर चढत वर गेले.

वर पोहोचले आणि फोटो कशाने काढणार हे लक्षात आलं. मोबाइल खाली पिशवीत. माझं शहाणपण हे असं. मुलीने डोक्याला हात लावला आणि सगळ्यांत आधी उडी मारली, सरळ काठीसारखी, आणि वर येऊन आनंदाने किंचाळली. पुन्हा मारायची म्हणून ती पोहत मागच्या वाटेकडे गेली आणि खडकाआड दिसेनाशी झाली. मग सुरतेचा नवरा. जाताना मला म्हणाला, "आंटी, बीशो नहीं, मजा आवशे!" घाबरायचं नाही हे सांगताना त्याचाच आवाज कापत होता. त्याच्यामागून त्याची बायको गेली. ती पाण्यातून वर आली ती ठसकत, नाकातोंडात पाणी गेलेलं. गाइड आणि तिचा नवरा दोघेही तिच्याकडे झेपावले. कड्यावर मी एकटी उरले.

तेव्हा मी होड्यांकडे पाहिलं.

ह्यांचं वल्हं पाण्यात पडलं होतं आणि होडीपासून हळूहळू लांब चाललं होतं. हे त्याच्याकडे बघतच नव्हते. मान छातीवर, आणि दोन्ही हातांची बोटं लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांशी झटापट करत होती. वरचा पट्टा सुटलेला होता. दुसरा माझ्या डोळ्यांदेखत सुटला. आम्हा सगळ्यांचे पट्टे आवळून तपासणारा माणूस समुद्रात बसून स्वतःचं जॅकेट काढत होता.

मी ओरडले. गाइडला, ह्यांना, देवाला, कुणाला ते आठवत नाही. खडकावर आपटणाऱ्या पाण्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. गाइडची पाठ माझ्याकडे, त्या ठसकणाऱ्या नवरीला तो धरून होता. हे होडीत एका बाजूला कलले. खाली इतकी माणसं होती आणि त्या माणसाला काय होतंय हे फक्त मला ठाऊक होतं. मागच्या वाटेने उतरायचं म्हणजे शेवाळ, वळसा, आणि पुन्हा पोहत यायचं. तोवर जॅकेट निघालं असतं, आणि शुद्ध हरपलेला माणूस त्या होडीतून कलंडायला वेळ लागला नसता.

मी उडी मारली असं मुलगी सगळ्यांना सांगते. मी काही उडीबिडी मारली नाही. पुढे जमीन असावी तसा पाय टाकला आणि जमीन नव्हती. मग पाण्याची एक सणसणीत थप्पड बसली, कानात गडगडाट झाला, नाकात मीठ गेलं, आणि जॅकेटने मला वर फेकलं. हात-पाय आपोआप चालायला लागले. पोहणं कसलं, धडपड होती ती.

होडीला हात लावला तेव्हा शेवटचा पट्टा ह्यांच्या मुठीत होता. "अहो, काय करताय?"

"उकडतंय. सोड." डोळे माझ्याकडे होते, पण मला ओळखत नव्हते. हात बर्फासारखे गार. मी एका हाताने होडी आणि दुसऱ्याने तो पट्टा घट्ट धरला आणि जिवाच्या आकांताने गाइडला हाक मारली. या वेळी त्याने ऐकलं. तेवढ्यात माझ्यामागे धप्प आवाज झाला. मुलगी वर पोहोचली होती, तिने खालचा प्रकार पाहिला आणि ती परत खाली आली. तिने एका बाजूने होडी धरली, गाइडने दुसऱ्या बाजूने. मी म्हटलं, साखर, साखर द्या. गाइडने पिशवीतून माझी पर्स काढायच्या आधी एक बाटली काढली. उडी मारून आलेल्यांसाठी त्याने घरून कोकमाचं सरबत आणलं होतं, चांगलं गोड.

बाटली ओठांना लावली आणि ह्यांनी दात घट्ट मिटले.

"प्या, अहो, प्या ना!"

मान हलली. नाही. मी गालावर हात ठेवला तर तो झटकला. मग दातांच्या फटीतून, लहान मुलाच्या हट्टाने, शब्द आले. "चंद्र नाही उगवला अजून."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र एका क्षणात सगळं उमगलं. चतुर्थी. आणि वार मंगळवार. अंगारकी! घरी असते तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरने मला आठ दिवस आधी सांगितलं असतं. मी उपास-तापास न करणारी, पण ह्यांची चतुर्थी मी सांभाळायची. साबुदाण्याची खिचडी करायची आणि पोटभर खायला लावायची. अंगारकीला निर्जळी करायचे ते डॉक्टरांनी बंद केलं होतं. इथे सुट्टीवर तिथीवार माझ्या ध्यानात नव्हते, आणि ह्यांनी तीच संधी साधली होती. गोळी गिळली होती आणि अन्नाचा कण घेतला नव्हता.

राग आला. भीतीपेक्षा जास्त राग आला. पण रागावून दात उघडत नाहीत. मी असहाय होऊन मान वर केली, आणि समोर, पश्चिमेला, समुद्राच्या थोडा वर, विरघळत आलेल्या बत्ताशासारखा चंद्र होता. वद्य पक्षात सकाळी उशिरापर्यंत असतो तसा.

मी ह्यांची हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलं. "तो बघा. चंद्र आलाय. बघा तरी."

डोळे बराच वेळ शोधत राहिले. मग थांबले. थरथरणारा उजवा हात त्यांनी समुद्रात बुडवला, ओंजळ कसली, चार बोटांत राहील तेवढं पाणी उचललं आणि चंद्राकडे बघत सोडून दिलं. अर्घ्य दिलं. गाइडने मान खाली घातली. मग ह्यांनी तोंड उघडलं.

एक घोट. अर्धा अंगावर सांडला. दुसरा. तिसरा नीट गेला. मी मनात त्याच गणपतीला दटावत होते, ज्याला मी कधी साधा नारळ वाढवला नाही, की आता तू बघ. लाट आली की तिघंही होडी घट्ट धरायचो. त्या वेळाइतका लांब वेळ मी आयुष्यात काढलेला नाही.

हळूहळू हातात ऊब आली. डोळ्यांत ओळख आली. ह्यांनी आपल्या सुटलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पश्चिमेकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अगं, हा कालचा चंद्र आहे. मावळतोय. उगवत नाहीये."

माणूस वाद घालायला लागला म्हणजे शुद्धीवर आला. मी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली आणि तिथेच पाण्यात, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.

किनाऱ्यावर वाळूत बसवून, बिस्किटं आणि केळी पोटात घालून, मुलीला चहा आणायला पिटाळून, मग मी तोंड सोडलं. सकाळची पोळी रिसॉर्टच्या कुत्र्याला घातली होती, हे कळलं. आदल्या संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणपतीच्या मोबाइल ग्रुपवर अंगारकीचा मेसेज आला होता, हे कळलं. "मग गोळी कशाला घेतलीत?" मी किंचाळले.

"गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय."

म्हणजे देवाचा नियम पाळला, डॉक्टरांचाही पाळला. आता या माणसाचं डोकं फोडायचं की आपलं?

मी म्हटलं, आता हा उपास सोडा. कायमचा. ते वाळूत बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझं बाळंतपण अडलं होतं ना, डॉक्टर म्हणत होते दोघींतली एक वाचेल. त्या रात्री धरलाय. तुम्ही दोघी घरी आलात. आता सोडायची भीती वाटते गं."

एवढ्या वर्षांत मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, घराण्याची रीत आहे. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "मग सोडू नका. मला द्या. आजपासून चतुर्थी मी करणार. तुम्ही जेवायचं."

बडोद्याला परत आल्यावर पुढची चतुर्थी आली. सकाळी पोह्यांची बशी मी ह्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली. "तू उपाशी, आणि तुझ्यासमोर मी खाऊ?" मी म्हटलं, खा, मला बघायचंय. मग ते मुकाट्याने खायला लागले. माझ्या पोटात भुकेने आग पडली होती आणि मी त्यांचा एकेक घास गळ्याखाली उतरताना बघत बसले होते. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं चतुर्थीला मी जेवायला बसले की हा माणूस पेपर बाजूला ठेवून माझ्या ताटाकडे का बघत बसायचा. मी त्याला खादाड म्हणायचे.