अम्मी, प्रभाताई आणि आमची मॅरेथॉन

पळायला लागलो की वजन कमी होईल असं वाटलं होतं. वजन तेवढंच राहिलं, किस्से मात्र वाढले.

आम्ही तिघं. मी अमरावतीच्या एका शाळेत शिक्षिका. सलीमभाईंचं गाद्यांचं दुकान. प्रभाताई रिटायर्ड नर्स. डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं आमच्याकडचं एकुलतं एक केंद्र जागेअभावी बंद पडायला आलं होतं. नव्या खोलीसाठी वर्गणी हवी होती. प्रभाताई म्हणाल्या, "अकोल्याची मॅरेथॉन पळू. नुसतं मागितलं तं कोनी देत नाही."

*

मोर्शी रोडवर पहाटे प्रॅक्टिस चालायची. एका शेतकऱ्यानं बाइक थांबवली.

"काहून पळून राहिले? गाडी बंद पडली काय?"

"डिमेन्शियासाठी पळून राहिलो," सलीमभाई म्हणाले.

"कोन्या गावचा हाय थो?"

मी हसले. सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी बाइकजवळ उभं राहून सगळं समजावून सांगितलं. त्यानं बाइक बंद केली. मग म्हणाला, "आमच्या बुढ्याचंबी असंच हाय. आमी म्हनलो, वय झालं."

पुढच्या सोमवारी तो वडिलांना घेऊन केंद्रात हजर.

*

प्रभाताईंच्या यजमानांना हाच आजार. रोज पहाटे विचारायचे, "कुठं चालली?"

"पळायले."

"कोनापासून?"

ताई रोज समजावून सांगायच्या. एकदा थकून म्हणाल्या, "कोनापासून नाही. तुमच्यासाठी."

ते म्हणाले, "मंग सावकाश जा. पडशीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा, "कुठं चालली?"

*

एक कापड व्यापारी म्हणाले, "ताई, पैसे देतो, पण या वयात पळू नका. उन्हात चक्कर येईन."

"पैसे द्या," प्रभाताई म्हणाल्या. "पळनार तं आहोच."

त्यांनी दिले. शर्यतीच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्त्याच्या कडेला स्वतःच उभे होते!

*

केंद्राला खोली मिळाली. पण मला आठवतं ते अकोल्यातलं शेवटचं वळण.

सलीमभाईंच्या पोटरीत गोळे आले होते. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "बसा." ते नाही म्हणाले आणि लंगडत पळत राहिले. मी सोबत होते.

वळणावर त्यांच्या बहिणीनं अम्मीला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. गेलं वर्षभर अम्मी सलीमभाईंना ओळखत नव्हत्या. दुकानातलं गिऱ्हाईक समजून त्यांच्याशी अदबीनं बोलायच्या.

सलीमभाई त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. घामानं नुसते निथळत होते. अम्मीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, ओढणीचं टोक घेतलं आणि त्यांचं कपाळ, गाल, मान सावकाश पुसली.

"किसका बच्चा है तू? घर जा बेटा. तेरी माँ राह देख रही होगी."

"जी," सलीमभाई म्हणाले. उठले, आणि पळायला लागले.