सपाट पतंग का उडतो

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीनं मला विमान कसं उडतं ते सांगायला घेतलं. मी मध्येच म्हणाले, "ठाऊक आहे गं. पंख वरून फुगीर, खालून सपाट. वरच्या हवेला लांबचा रस्ता, म्हणून ती जोरात पळते आणि मागच्या कडेला खालच्या हवेला बरोबर वेळेवर भेटते." ती हसली. "आजी, भेटत नाही गं. वरची आधीच पुढं निघून जाते. हे जुनं चुकीचं उत्तर आहे."

तुम्ही फोन ठेवलात, मी तिथंच बसून राहिले. ते उत्तर मी नोकरीतून निवृत्त होईपर्यंत शिकवलं. त्यापायी एका मुलीचे गुणही कापले. फोनवर तुम्ही घाईत असता, म्हणून लिहून कळवते आहे.

हैदराबाद संस्थानातली पोलीस ॲक्शन होऊन पंधरा-एक वर्षं झाली होती. मी औरंगाबादेत मुलींच्या शाळेत विज्ञानाची बाई म्हणून नुकतीच लागले होते. माझं शिक्षण इंग्रजीतून. शाळेच्या पुस्तकात काही अडलं की मी कॉलेजचं जाड इंग्रजी पुस्तक उघडायची. इंग्रजीत छापलेलंही चुकीचं असू शकतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांचं उस्मानपुऱ्यात पतंगांचं दुकान होतं. घरात उर्दू, पण आता कचेऱ्यांतून मराठी चालणार म्हणून वडिलांनी तिला मराठी शाळेत घातलेलं. हिवाळ्यात तिच्या बोटांना कायम खळ चिकटलेली असायची. मी फळ्यावर पंख काढला, वरून-खालून बाण काढले, तशी ती उभी राहिली.

"बाई, पतंग तर सपाट असतो. नुसता कागद. मग वरच्या हवेला लांबचा रस्ता कुठून आला?"

"पतंग वेगळा, विमान वेगळं."

"हवा तर तीच ना, बाई?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बस गं पतंगवाले!" वर्ग हसला. ती बसली नाही.

"आणि एकदा वेगळ्या झालेल्या हवेनं परत भेटायचंच, असं कुणी ठरवलं? आमचे चाचा कराचीला गेले. ते कुठं भेटले परत?"

हसणं थांबलं. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "चाचांचं इथं काय काम? पुस्तकात आहे ते लिहून घे."

दुसऱ्या दिवशी ती एक जांभळा पतंग घेऊन आली. एक उभी काडी, तिच्यावर धनुष्यासारखी वाकवलेली आडवी काडी, आणि समोरून बांधलेला दोऱ्याचा त्रिकोण. त्या त्रिकोणाला ती कन्नी म्हणायची. मांजा तिथं बांधतात.

"सगळं या कन्नीत आहे, बाई. वरचा दोरा बोटभर आखूड ठेवायचा. मग पतंग वाऱ्यात थोडा पुढं झुकतो, हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर ढकलते. दोरा लांब ठेवला की ताठ उभा राहतो, फडफडतो आणि गोता खातो. चला ना मैदानात, दाखवते. वारा आहे."

वारा होता. खिडकीची दारं आपटत होती, ते अजून कानात आहे. मी म्हणाले, "मला पुढचा तास आहे. ठेव टेबलावर."

परीक्षेत तिनं हेच लिहिलं, अगदी बोटभर दोऱ्यासकट. मी पाचपैकी शून्य दिलं. तिनं पेपर पाहिला, चार घड्या घातल्या. त्यानंतर माझ्या तासाला तिचा हात कधी वर आला नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती हैदराबादला गेली. पतंग मी घरी आणला होता. तीन घरं बदलली, दरवेळी तो कपाटामागं गेला.

अजून एक गोष्ट मी वर्गात सांगायला हवी होती. पतंगाचं वजन त्याला खाली ओढतं, वारा वर उचलतो आणि मागं लोटतो, आणि मांजा धरून ठेवतो. मांजा तुटला की पतंग मोकळा होऊन उंच जाईल असं वाटतं. पण तो लोळत लोळत लांब कुठंतरी उतरतो. खाली कुणीतरी धरून उभं असावं लागतं.

बुधवारी रिक्षा करून उस्मानपुऱ्यात गेले. दुकानात आता वह्या-पेनं, संक्रांतीपुरते पतंग. तिचा धाकटा भाऊ गल्ल्यावर होता, दाढी पांढरी. म्हणाला, "आपा हैदराबादेतच आहे. गुडघे गेले, इकडं येणं होत नाय. थांबा, फोन लावून देतो."

काय बोलायचं ते मी कागदावर क्रमानं लिहून नेलं होतं. वाचून दाखवलं. "तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. पाचपैकी पाच."

पलीकडून हसू आलं. "कोणता प्रश्न, बाई? मला तर काहीच याद नाय."

मी सगळं पुन्हा सांगितलं.

"चाचांचं बोलले मी? भर वर्गात? या अल्ला!" मग आवाज बदलला. "पण पतंग आठवतो. जांभळा. माझ्या हातची पहिली कन्नी. अब्बांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. उडाला का चांगला?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही गं. उडवलाच नाही."

"इतकी वर्षं, बाई?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली. तिनंच विचारलं, "अजून हाय का पण?"

"घरी जाऊन बघते."

घरी येऊन शेजाऱ्याकडून कपाट सरकवून घेतलं. कागद कसरीनं खाल्ला आहे, हात लावला की गळतो. दोन्ही काड्या शाबूत आहेत. कन्नीचा वरचा दोरा अजून बोटभर आखूड आहे.